कुणाच्या सांगण्यावरून

बातम्या देणाऱ्या मुलीची डावी भुवई रेखताना तिचा हात हलला. आधी तिला वाटलं, आपलाच हात. सकाळी घाईत नुसत्या चहावर घर सोडलं होतं. पण मग आरशाभोवतीचे दिवे किणकिणले, टेबलावरच्या बाटल्या एकमेकींच्या अंगावर रेलल्या आणि काही झालंच नाही अशा पुन्हा ताठ उभ्या राहिल्या. "भूकंप होता का गं?" मुलीने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं. "असेल," ती म्हणाली, आणि भुवईच्या टोकाबाहेर गेलेली काळी रेघ ओल्या बोळ्याने पुसून तिने नव्याने काढली. दोघी थोड्या हसल्याही. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी धावत जिने उतरलं आणि थोड्या वेळाने खजील होऊन परत वर आलं. एवढंच. त्या शहरात भूकंप झाला तो एवढाच. पुढे कित्येक दिवस तिला हे एवढंच सुचत राहिलं: आपण रेघ पुसत होतो, तेव्हा बाबांच्या अंगावर छप्पर येत होतं, आपण ती पुन्हा काढली, दोन्ही भुवया जुळल्या का ते मान मागे घेऊन पाहिलं, तेव्हा ते अंधारात तोंडातली माती थुंकत असतील. नंतर तीच मुलगी, तीच भुवई उंचावून, मेकअपच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर सांगायला लागली की डोंगरापलीकडच्या गावांत मोठी हानी झाल्याचं वृत्त आहे, आणि गावांची नावं घेताना मेकअप करणाऱ्या हिच्या माहेरचं नाव त्या मुलीने चुकीचं उच्चारलं. शेवटचं अक्षर लांबवलं. ब्रश हातात तसाच धरून तिला वाटलं, हे आपलं गाव नसेलच, दुसरं कुठलंतरी असेल, ज्याचं शेवटचं अक्षर लांब आहे.

दादाचा फोन लागला तोवर दिवस कलला होता. आई गेल्यापासून तो गावच्या घरात बाबांसोबत राहायचा. सकाळी पाव आणायला बाहेर पडला आणि कोपऱ्यावर असताना जमीन हलली. परत वळला तर गल्ली नव्हती. "बाबा आत आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात रडणं नव्हतं, दम होता. तो बोलताबोलताही हाताने विटा उचलत असावा. "हाक मारली की ओ देतात. पण वर स्लॅब आहे, हाताने नाही हलत तो." ती म्हणाली, "मशीन मागव ना." तेव्हा तो अगदी हळू, लहानपणी ती काही वेड्यासारखं बोलली की बोलायचा तसा म्हणाला, "कुणाकडनं मागवू, चिंगे? अख्ख्या गावात एकच मशीन आलंय." त्याच वेळी तिच्या डोक्यावरच्या टीव्हीत एक अधिकारी सांगत होता की सर्व बाधित भागांत पुरेशी यंत्रणा पोहोचली आहे आणि परिस्थिती नियंत्रणात आहे. तिने पाहिलं, त्याच्या नाकावरची पावडर नीट बसली नव्हती. ती तिनेच लावली होती, सकाळी.

गावाकडे जायचा रस्ता खचला होता. नवरा म्हणाला, "जाशील कशी? आणि जाऊन करशील काय?" खोटं नव्हतं बोलत बिचारा. रात्र दोघांनी फोनकडे बघत काढली. सकाळी ती कामावर गेली, कारण घरात बसवेना. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कुठे जायचं ते कळायचं नाही. नळ सोडून बंद करायची, खिडकी उघडून लावून घ्यायची. कामावर निदान हातांना चेहरे होते. सगळे त्याच विषयावर बोलत होते. कॅमेरावाला म्हणाला, "पाणीसुद्धा पोहोचवलं नाही लेकांनी. मंत्री मात्र सगळ्या चॅनेलवर वेळेत पोहोचतोय." ड्रायव्हर म्हणाला, "आज आपल्याकडे येणार आहे." तिच्या आत एक वाक्य तयार व्हायला लागलं. ब्रश धुताना, स्पंज पिळताना ते वाढत गेलं. त्यात दादाची सोललेली बोटं आली, टीव्हीवरचा अधिकारी आला, एकच मशीन आलं, लाज कशी वाटत नाही हेही आलं. मनातल्या मनात तिने ते इतक्या वेळा म्हटलं की त्याला एक चाल आली. आयुष्यात ती कुणाला असं बोलली नव्हती. पण तो माणूस तिच्या खुर्चीत डोळे मिटून, मान मागे टाकून बसणार होता, आणि जगात दुसऱ्या कुणाला तो तसा मिळणार नव्हता.

मंत्री दुपारी आले. मदतकार्याचं सगळं त्यांच्या खात्याकडे होतं. गळ्याभोवतीचं कापड त्यांनी स्वतःच सवयीने ओढून घेतलं. "ताई, फार उजळ करू नका," ते म्हणाले. "प्रसंग दुःखाचा आहे. डोळ्यांखालचं तसंच राहू दे." आवाज चांगला होता त्यांचा, समोरच्याला विचारात घेणारा. डोळ्यांखाली खरंच काळं झालं होतं; या माणसालाही झोप नव्हती. कानामागे दाढीचं ब्लेड लागून रक्ताचा एवढासा ठिपका वाळला होता, तो तिने आधी टिपला. इतक्या जवळून सगळेच चेहरे सारखे असतात, हे ती नव्यांना नेहमी सांगायची: भोकं, केस, घाम. तिच्या बोटांखाली ते कपाळ कोमट होतं आणि थोडं धडधडतही होतं. आणि ते वाक्य, चालीसकट पाठ झालेलं, कुठे गेलं ते तिला कळलंच नाही. घशापर्यंत आलं ते फक्त, "साहेब, माझे वडील अडकलेत."

त्यांनी डोळे उघडले आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं. "कुठे?" तिने गावाचं नाव सांगितलं, शेवटचं अक्षर नीट उच्चारून. पाण्याच्या टाकीखालची गल्ली, घड्याळवाल्याचं घर; बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी हात मागे केला, सचिवाने त्यात फोन ठेवला. "ऐक. टाकीखालची गल्ली, घड्याळवाल्याचं घर. हो, आत्ता. मला परत सांगायला लावू नकोस." फोन परत देऊन त्यांनी पुन्हा मान मागे टाकली. "होईल. काळजी करू नका." तिने त्यांचं कपाळ फार जीव लावून केलं, आजवर कुणाचं केलं नसेल तितकं. हनुवटीखालची कड मिटवली, चमक मारली, थकवा मात्र राहू दिला. मग टीव्हीखाली उभं राहून ऐकलं. ते म्हणाले, मदत कोणताही भेदभाव न करता सर्वत्र पोहोचते आहे, लोकांनी संयम ठेवावा. शेजारी कॅमेरावाला कुजबुजत शिव्या देत होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते रागाचं नव्हतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला, "काढलं बाबांना. आहेत." आहेत या शब्दावर ती जमिनीवरच बसली. नवऱ्याने पाणी आणलं. शेजारच्या बाई येऊन गळ्यात पडल्या. दादा आणखी काही बोलत नव्हता. तिला वाटलं, दमलाय. तिने विचारलं, "मशीन आलं ना?" तो म्हणाला, "आलं." जरा थांबून म्हणाला, "नंतर बोलू." तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली.

बाबांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता, पण वाचेल असं डॉक्टर म्हणाले. कॉरिडॉरमधल्या बाकावर दादा बसला होता, दोन्ही हातांना बँडेज, त्यामुळे चहाचा कप तिने त्याच्या तोंडाशी धरला. एक घोट घेऊन त्याने मान बाजूला केली. "तू कुणाला सांगितलं होतंस का?" तिने सांगितलं. सांगताना तिच्या स्वरात जरा अभिमान होता, हे तिला पुढे अंथरुणात कूस बदलताना आठवायचं आणि पायाची बोटं आखडायची. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मशीन समोर शिंपीकाकांकडे चालू होतं. काका आतून ठोकत होते. पाइपवर असेल, नाहीतर कशावर. अख्खी गल्ली ऐकत होती. मशीनवाल्याने अर्धा स्लॅब उचललाही होता. काकांना काढून तो आपल्याकडेच येणार होता, चिंगे. पुढचं घर आपलंच होतं. तेवढ्यात जीप आली. माणूस उतरला आणि म्हणाला, घड्याळवाल्याचं घर कुठलं." तिने कप तसाच धरला होता. "मी दाखवलं," दादा म्हणाला. "मीच हात केला. मला काय माहीत तो कशाला विचारतोय. आणि माहीत असतं तरी..." ते वाक्य त्याने तसंच सोडलं. "उचललेला स्लॅब पुन्हा खाली ठेवला त्यांनी. काकू मशीनच्या पुढ्यात आडवी झाली, तिला दोघांनी उचलून बाजूला केलं. बाबांना बाहेर काढेपर्यंत ठोकणं थांबलं होतं." मग त्याने स्वतःहून कपाशी तोंड नेलं, कारण चहा संपवायला हवा होता. "तू चुकलीस असं मी म्हणत नाही. बाबा आहेत. पण मला काकूसमोर उभं राहवत नाही." आत बाबा शुद्धीवर आले की पहिलं विचारायचे, शिंपी सुटला का. डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हटलं, म्हणून दादाने सांगून टाकलं होतं, सुटले, दुसऱ्या दवाखान्यात आहेत.

त्यानंतरचे दिवस तिला पायांतूनच आठवतात. ती चालायची. बस सोडून द्यायची आणि चालायची. गावातले लोक शहरात येऊन सरकारी कचेरीसमोर फुटपाथवर बसले होते. तंबू गळतात, पाणी येत नाही, मेलेल्यांची नावं कुणी सांगत नाही, मशीनं का आली नाहीत ते कुणी सांगत नाही. जाणारेयेणारे गाड्या थांबवून त्यांना पाण्याच्या बाटल्या देत. बसमध्ये, दुकानात, लिफ्टमध्ये सगळे चिडलेले होते, आणि ते चिडणं चांगलं होतं, ऊबदार होतं. त्यात सामील होता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. कुणी म्हणालं, "ओळख असेल त्याचं होतं, बाकीच्यांनी मरावं," की ती उतरून जायची. समोरच्या फुटपाथवरून जाताना ती त्यांच्यात चेहरे शोधायची आणि सापडू नयेत म्हणून भरभर चालायची. शिंपीकाकू. शाळेचा झगा उसवला की ती धावत समोर जायची, आणि काकू तो अंगावरच शिवायची, "हलू नकोस, कातडीसकट शिवीन," असं म्हणत, आणि दाताने दोरा तोडताना तिचा श्वास मानेवर लागायचा. काकांना बोलायची सवय नव्हती. ते मापं घ्यायचे आणि हसायचे. त्यांचा चेहरा आठवायला गेलं की तिला फक्त गळ्यातली टेप आठवायची. ती स्वतःशी वाद घालायची. मी काय मागितलं? काकांकडचं मशीन काढा, असं म्हटलं का? मला ठाऊक तरी होतं का? नव्हतं. मग ठाऊक असतं तर? इथे ती पुन्हा चालायला लागायची. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मुलगी म्हणून करायचं ते केलंस. चूक त्यांची आहे, एकच मशीन पाठवणाऱ्यांची." हे अगदी खरं होतं. ते ऐकून तिने ओटा पुसला, वाळलेला ओटा पुन्हा पुसला, आणि तो म्हणाला, "बस ना जरा." तिला बसता येत नव्हतं. बाबांच्या पायाकडे बघताना आनंद व्हायचा, खराखुरा, आणि पाठोपाठ कुणीतरी आपल्याला पाहतंय असं वाटून ती दाराकडे वळायची.

मग एका दुपारी चॅनेलवर चर्चा ठरली. एका बाजूला मंत्री आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथवर बसलेल्यांपैकी कुणीतरी. मेकअपच्या खोलीचं दार उघडलं आणि निर्मात्याने काकूला आत आणलं. "यांना फार काही करू नकोस," तो तिच्या कानाशी म्हणाला. "अशाच बऱ्या दिसतायत." दार लागलं. काकू खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ न टेकता. वाळलेली, आणखी लहान झालेली. आरशातल्या स्वतःकडे तिने पाहिलंच नाही, मागे उभ्या तिच्याकडे पाहिलं. "अगं चिंगे, तू इथे असतेस होय. बाबा कसे आहेत?" "बरे आहेत." "पाय?" "राहील म्हणतात." "बरं झालं," काकू म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं असावं, कारण तिचे खांदे थोडे सैल पडले. तिने काकूच्या चेहऱ्यावर हात ठेवला. गालावर बारीक खरचटल्याच्या खुणा होत्या, खडीवर घासल्यासारख्या. मशीनपुढे आडवी झाली तेव्हाच्या. तिचा हात तिथून हलेना.

"तू का रडतेस?" काकू म्हणाली. "काकू, मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मंत्र्यांना. याच खुर्चीत. त्यांनी फोन केला." खोलीत पंख्याचा आवाज होता. काकूने विचारलं, "काय सांगितलंस?" "बाबा अडकलेत म्हणून." "एवढंच?" "एवढंच." "मग त्याने विचारलं का, तिथे आणखी कोण आहे?" "नाही." काकूने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी नव्हे, नुसतीच. "माझ्या ओळखीचं कुणी असतं तर मीसुद्धा सांगितलं असतं. पायांवर लोळण घेतली असती. तुझ्या बापाचा विचार केला नसता, हे तुला खरं सांगते." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला तुझ्याकडे फार वेळ बघवत नाही, चिंगे. काय ते लाव आणि सोड." तिने काही लावलं नाही. काकू दाराशी गेली आणि वळून म्हणाली, "मी विचारणार आहे, मशीन कुणाच्या सांगण्यावरून हललं. तुझं नाव माझ्या तोंडून यायचं नाही." हे उपकारासारखं नव्हतं, धमकीसारखंही नव्हतं. काकू पूर्वीपासून अशीच बोलायची, माप सांगितल्यासारखी.

जाहिरातींच्या वेळात ती घाम टिपायला स्टुडिओत गेली. मंत्री ओळखीचं हसले. "वडील बरे ना?" त्यांनी विचारलं, मनापासून, त्यांना आठवण होती, आणि आठवण असल्याचं समाधानही होतं. ती म्हणाली, "बरे आहेत, साहेब." टेबलापलीकडे काकू पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती. घाम टिपून ती बाजूला झाली, पण बाहेर गेली नाही. कॅमेऱ्यामागच्या अंधारात वायरींवर पाय देऊन उभी राहिली. पुन्हा दिवे उजळले. काकूने विचारलं. मोठ्याने नाही, भांडून नाही. "माझा माणूस ठोकत होता. मशीन आमच्या दारात होतं. ते कुणाच्या सांगण्यावरून हलवलं?" मंत्री पुढे झुकले, हात जोडले, डोळ्यांखालचं काळं दिव्यात नीट दिसलं. ते म्हणाले, "माई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण एक गोष्ट जबाबदारीने सांगतो. कुणाच्याही ओळखीवर एकही मशीन हललेलं नाही. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर द्या. नसेल तर असे आरोप करून मदत करणाऱ्यांचं मनोबल खच्ची करू नका." सूत्रसंचालक काकूकडे वळला. काकूने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने अंधाराकडे पाहिलंही नाही. ती नुसती थांबली, जशी गल्लीत थांबली असेल, आवाज येतो का ऐकत.

आपण निघालो कधी ते तिला आठवत नाही. पायाखालच्या वायरी संपल्या आणि गुळगुळीत फरशी लागली, दिव्यांचा चटका तोंडावर बसला, एवढं आठवतं. कुणीतरी तिच्या बाहीला धरलं, ती बाही सुटली. "माझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही माझ्यासमोर फोन केलात. मी तुमचं कपाळ पुसत होते. मशीन काकांच्या दारातून माझ्या बाबांकडे आलं. माझे बाबा आहेत आणि काका नाहीत." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि सांगताना तिला प्रथमच हातांचं काय करायचं ते कळलं नाही, त्यांत स्पंज होता. मंत्र्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला घरी जेवायला बोलवावं आणि त्याने ताट उलटवावं, तसे ते दुखावलेले दिसत होते. मग जाहिराती लागल्या. बराच गोंधळ झाला. सचिव फोनवर बोलत राहिला, निर्मात्याने तिला बॅग आणून दिली आणि म्हणाला, "आता घरी जा. उद्याही येऊ नकोस. कळवतो." कॅमेरावाला लिफ्टपर्यंत सोबत आला. काकू आधीच निघून गेली होती, फुटपाथवर, आपल्या माणसांत.

ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. वॉर्डातला टीव्ही चालूच होता, आता त्यावर क्रिकेट होतं. दादा औषधं आणायला खाली गेला होता. बाबा उशीला टेकून बसले होते, आणि तिला बघताच त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखं कुतूहल आलं. "तुला पाहिलं," ते म्हणाले. "सगळ्या वॉर्डाला दाखवलं, ती माझी मुलगी म्हणून. पण मध्येच कशी गं घुसलीस? तुझे नुसते ओठ हलत होते. आवाजच नाही आला. मंत्री मात्र ऐकू आला, ताई बाहेर व्हा, बाहेर व्हा." शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "आम्हाला वाटलं पावडर लावायला आलात." बाबा हसले. मग हसू तसंच ठेवून, पण डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "आणि ती शिंपीण होती ना? तिला एकटीलाच का बोलावलं? शिंपी कुठे होता?"

माइक नव्हता, म्हणून काही ऐकू गेलं नव्हतं. इतक्या दिव्यांत, इतक्या लोकांसमोर बोललेलं तिथल्या तिथे विरून गेलं होतं. जिना चढताना तिला हलकं वाटत होतं, संपलं असं वाटत होतं. आता कळलं की ते अजून सुरूही झालं नव्हतं. दाराकडे पाहिलं तर दादा येताना दिसत नव्हता. परिचारिका खाटा मोजत पलीकडच्या टोकाला होती. तिने टीव्ही बंद केला, कुणी हरकत घेतली नाही. स्टूल ओढून ती खाटेला अगदी लागून बसली, बाबांच्या चांगल्या पायाच्या बाजूला. कितीतरी दिवसांत ती अशी पूर्ण बसली नव्हती.

"बाबा, शिंपीकाका सुटले नाहीत," ती म्हणाली. "दादाने तुम्हाला खोटं सांगितलं."

बाबांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला जायला वेळ लागला. त्यांचा हात चादरीवरून तिच्या मनगटाकडे येत होता. तो पोहोचायच्या आत सांगून टाकायला हवं, नाहीतर मग जमणार नाही, असं वाटून ती घाईने म्हणाली, "आणि अजून आहे."